मॅकला विंडोज समजणारा कोड: ऑपरेटिंग सिस्टम ओळखताना वारंवार येणारी अडचण

तक्रार दर वेळी वेगळ्या तोंडाने येते. नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत दुकानातून फोन येतो, “भाऊ, काटापट्टी निघूनच नाही राहिली.” काटापट्टी म्हणजे मालाच्या वजनाची पावती. इतवारीतला व्यापारी सांगतो की बिल तयार होतं, पण पीडीएफ उघडत नाही. अभियांत्रिकीची मुलं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेऊन येतात. त्यांच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत, आणि परीक्षेच्या दिवशी लॅबमधल्या मशीनवर “ही ऑपरेटिंग सिस्टम चालणार नाही” असा संदेश. खोदत गेलं की बहुतेक वेळा आपण एकाच ठिकाणी पोचतो. प्रोग्रामने सुरुवातीलाच संगणकाला विचारलेलं असतं, तुझी ऑपरेटिंग सिस्टम कोणती? संगणकाने उत्तर दिलेलं असतं. पुढच्या ओळीने त्या उत्तराचा अर्थ भलताच लावलेला असतो.

नागपुरात छोट्या दुकानांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न जरा जास्तच भेटतो, कारण इथे एकाच दुकानात मशीनच्या तीन पिढ्या नांदतात. गल्ल्यावर विंडोज ७ चा जुना डबा, मागच्या खोलीत बर्डीच्या बाजारातून आणलेला विंडोज ११ चा लॅपटॉप, आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीत घरी आला की त्याचं मॅकबुक. एखाद्या सरकारी कार्यालयाचं काम घेतलं तर सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स समोर येऊ शकतं, जे डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर उभं आहे. मालकाला यातलं काही माहीत असण्याची गरज नाही. त्याला पट्टी हवी असते, आणि ती मिळणं रास्त आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऑपरेटिंग सिस्टमचं नाव हे लॉगमध्ये लिहायला आणि माणसाला दाखवायला असतं. कोडने निर्णय घ्यायचा तो फार तर कुटुंबावरून: विंडोज, मॅक की लिनक्स. आणि जिथे जमेल तिथे कुटुंबही विचारू नये. आपल्याला लागणारी सोय त्या मशीनवर आहे का, एवढंच थेट तपासावं.

आधी कच्चं उत्तर बघा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक काम करा. संगणक नेमकं काय सांगतोय ते जसंच्या तसं छापून घ्या. छोटी अक्षरं करू नका, तोडू नका, काही जोडू नका.

पायथनमध्ये सहा गोष्टी पुरतात: ‘प्लॅटफॉर्म.सिस्टम’, ‘प्लॅटफॉर्म.रिलीज’, ‘प्लॅटफॉर्म.व्हर्जन’, ‘प्लॅटफॉर्म.मशीन’, ‘सिस.प्लॅटफॉर्म’ आणि ‘ओएस.नेम’. जावात ‘ओएस.नेम’, ‘ओएस.व्हर्जन’, ‘ओएस.आर्च’ या सिस्टम प्रॉपर्टी घ्या, आणि त्यांच्या जोडीला जावाची स्वतःची आवृत्तीही. ती का लागते ते पुढे येतंच. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) ‘प्रोसेस.प्लॅटफॉर्म’ आणि ‘ओएस.रिलीज’. ही सगळी उत्तरं प्रोग्राम सुरू होताक्षणी लॉगच्या पहिल्या ओळींत गेली पाहिजेत, ग्राहकाकडे पोचणाऱ्या प्रत्येक प्रतीत. फोनवर “सेटिंगमध्ये जा, मग अबाउट उघडा” असं सांगत बसण्यापेक्षा लॉगच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवणं कितीतरी सोपं जातं.

पायथनच्या यांपैकी तीन नावांची गल्लत फार होते, म्हणून नीट पाहू. विंडोज मशीनवर ‘प्लॅटफॉर्म.सिस्टम’ म्हणतो ‘विंडोज’, ‘सिस.प्लॅटफॉर्म’ म्हणतो ‘विन३२’ आणि ‘ओएस.नेम’ म्हणतो ‘एनटी’. मॅकवर पहिले दोन्ही ‘डार्विन’ म्हणतात, फक्त पहिल्यात डी मोठा आणि दुसऱ्यात छोटा; तिसरा म्हणतो ‘पॉझिक्स’. लिनक्सवर ‘लिनक्स’, ‘लिनक्स’ आणि पुन्हा ‘पॉझिक्स’. म्हणजे ‘ओएस.नेम’वरून मॅक आणि लिनक्स वेगळे करता येतच नाहीत. आणि ‘विन३२’ पाहून मशीन ३२ बिटचं आहे असं समजू नका. ६४ बिट विंडोजवरही पायथन आणि नोड दोन्ही हेच उत्तर देतात. सी भाषेत ‘अंडरस्कोर-विन३२’ हा मॅक्रोही ६४ बिटसाठी बांधताना जागेवरच असतो. नाव जुन्या काळापासून चालत आलंय, बिटशी त्याचा संबंध उरलेला नाही.

डब्ल्यू-आय-एन शोधणारी ओळ

आता त्या मॅकबुकवर येऊ. दुकानाचा प्रोग्राम मुलाने आपल्या मशीनवर घेतला, बिल बनवलं, ‘उघडा’ दाबलं आणि एरर आली: ‘ओएस’ मॉड्यूलमध्ये ‘स्टार्टफाइल’ नावाचं काही नाही. ‘स्टार्टफाइल’ हे फंक्शन पायथनमध्ये फक्त विंडोजवर असतं. म्हणजे प्रोग्राम मॅकवर बसून स्वतःला विंडोजवर समजत होता.

कोडमधली ओळ दिसायला अगदी निरुपद्रवी होती. सिस्टमचं नाव घ्या, छोट्या अक्षरांत करा, त्यात डब्ल्यू-आय-एन ही अक्षरं सापडली तर विंडोज. ‘विंडोज’मध्ये ती सुरुवातीलाच सापडतात. पण ‘डार्विन’ची शेवटची तीन अक्षरं कोणती? तीच. मॅकच्या गाभ्याचं नाव डार्विन आहे, आणि ही तपासणी त्या नावाला विंडोज ठरवून मोकळी होते.

या ओळीचा उगम पाहिला तर ती इतक्या ठिकाणी का सापडते हे कळतं. जावात ‘ओएस.नेम’ मॅकवर ‘मॅक ओएस एक्स’ असं उत्तर देतं. ॲपलने आपल्या सिस्टमचं नाव बदललं तरी जावा अजून हेच म्हणते. त्या उत्तरात डब्ल्यू-आय-एन कुठेच येत नाही, म्हणून जावातला हा कोड वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मग कोणीतरी तोच प्रोग्राम पायथनमध्ये किंवा नोडमध्ये आणला. तर्क तसाच ठेवला, कारण तो सिद्ध झालेला होता. बदललं ते फक्त उत्तर देणारं फंक्शन, आणि ते आता ‘डार्विन’ म्हणू लागलं. चालणारा कोड एका भाषेतून दुसरीत नेताना अशा ठिकाणी दगा बसतो, कारण वाचताना ओळ बरोबरच दिसते. पीएचपीतही ‘पीएचपी-ओएस’ या स्थिरांकात ‘विन’ शोधणाऱ्यांची हीच गत होते. तिथे ७.२ आवृत्तीपासून ‘पीएचपी-ओएस-फॅमिली’ मिळतं, तेच वापरा.

काही जण यावर उपाय म्हणून मॅकची तपासणी विंडोजच्या आधी ठेवतात. क्रम बदलला की लक्षण जातं, रोग तसाच राहतो. उद्या कोणी कोड नीटनेटका करताना त्या दोन ओळी वरखाली केल्या की पुन्हा तेच. शिवाय विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणाऱ्या सिगविनच्या नावातही तीच तीन अक्षरं आहेत. तिथे पायथन ‘सिगविन-एनटी’ आणि पुढे आकडे असं उत्तर देतं, पण वागणूक बरीचशी युनिक्ससारखी असते.

म्हणून ‘आत सापडतं का’ असं विचारू नका, ‘तंतोतंत हेच आहे का’ असं विचारा. पायथनमध्ये ‘प्लॅटफॉर्म.सिस्टम’ बरोबर ‘विंडोज’, नोडमध्ये ‘प्रोसेस.प्लॅटफॉर्म’ बरोबर ‘विन३२’. जावात मात्र नावाला आवृत्ती चिकटलेली असते, ‘विंडोज १०’, ‘विंडोज सर्व्हर २०१९’ अशी, म्हणून तिथे ‘विंडोज’ने सुरुवात होते का एवढंच पाहायचं. जुन्या पायथनमध्ये ‘सिस.प्लॅटफॉर्म’ लिनक्सवर ‘लिनक्स२’ असं सांगायचा, ३.३ पासून तो नुसतं ‘लिनक्स’ सांगतो. जुनी आवृत्ती कुठे शिल्लक असेल तर तिथेही सुरुवात जुळते का एवढंच पाहा. डॉट नेटवाल्यांना ५ आवृत्तीपासून ‘ऑपरेटिंगसिस्टम.इजविंडोज’ तयारच मिळतं, त्यांनी नावाच्या वाटेला जाऊच नये.

जावात अक्षरं छोटी-मोठी करताना लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, सांगायला विसरू नका. ‘लोकेल.रूट’ दिलं नाही तर जावा मशीनच्या भाषेचे नियम लावते, आणि तुर्की लोकेलवर ‘आय’ हे अक्षर मोठं करताना त्यावर टिंब तसंच राहतं. मग मोठ्या अक्षरांतलं ‘विंडोज’ जुळत नाही. मराठी लोकेलवर हे होत नाही, पण ग्राहकाचं मशीन कोणत्या लोकेलवर आहे हे आपल्या हातात नसतं.

अकरा असून दहा

दुसरी वारंवार येणारी तक्रार विंडोज ११ ची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि जुनी मशीनं बदलली जाऊ लागली तसे हे फोनही येत राहतात. “नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ आहे, पण तुमचं सॉफ्टवेअर १० दाखवून राहिलं.”

यात बनावट काही नाही. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ ला आली, पण तिचा आतला आवृत्ती क्रमांक १०.० च राहिला. विंडोज ७ चा ६.१, ८ चा ६.२, ८.१ चा ६.३, आणि १० व ११ या दोघींचा १०.०. फरक कळतो तो बिल्ड क्रमांकावरून, म्हणजे त्या आवृत्तीच्या बांधणीच्या अनुक्रमांकावरून. २२००० आणि त्यापुढचा बिल्ड म्हणजे ११. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती १९०४५ बिल्डवर आहे, तर ११ ची २३एच२ आवृत्ती २२६३१ वर. विंडोजच्या सेटिंग जिथे साठवल्या जातात त्या रजिस्ट्रीत ‘प्रॉडक्टनेम’ वाचून काम भागेल असं वाटतं, पण विंडोज ११ वरही तिथे ‘विंडोज १० प्रो’ असंच लिहिलेलं सापडतं. त्याच कप्प्यातला ‘करंटबिल्डनंबर’ वाचा.

यात एक पोटभेद आहे. सर्व्हर आवृत्त्यांचे बिल्डही याच रांगेत येतात. विंडोज सर्व्हर २०२५ चा बिल्ड २६१०० आहे, आणि विंडोज ११ च्या २४एच२ चाही तोच. नुसता बिल्ड पाहून ‘११’ म्हणाल तर सर्व्हरलाही ११ म्हणाल. पायथनच्या ‘सिस.गेटविंडोजव्हर्जन’मध्ये ‘प्रॉडक्टटाइप’ मिळतो: १ असेल तर साधं मशीन, २ असेल तर डोमेन कंट्रोलर, ३ असेल तर सर्व्हर. तोही सोबत घ्या.

आता परीक्षेच्या दिवशी फसणारा प्रोजेक्ट. हा प्रकार जावात जास्त दिसतो आणि त्याची गंमत नाही, खरोखर त्रास होतो, कारण मुलांना काही कळायच्या आत वेळ संपलेली असते. कोडमध्ये परवानगीच्या नावांची यादी असते: विंडोज ७, विंडोज ८, विंडोज १०. लिहिणाऱ्याचं मशीन विंडोज ११ चं, पण त्यावर जुनी जावा. त्या जावाला ११ हे नाव माहीत नाही, ती १०.० पाहून ‘विंडोज १०’ सांगते, आणि प्रोग्राम चालतो. लॅबमधल्या मशीनवर नवी जावा असते, ती प्रामाणिकपणे ‘विंडोज ११’ सांगते, आणि यादीत ते नाव नसल्यामुळे प्रोग्राम बंद पडतो. दोन्ही मशीनवर ऑपरेटिंग सिस्टम एकच, उत्तरं दोन. म्हणूनच लॉगमध्ये जावाची आवृत्ती हवी असं वर म्हटलं. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांतही ‘प्लॅटफॉर्म.रिलीज’ विंडोज ११ वर १० सांगतो, ‘प्लॅटफॉर्म.व्हर्जन’ मात्र पूर्ण बिल्डसह आकडा देतो.

अशी नावांची यादी ठेवूच नये. जे अजून जन्मलेलं नाही त्याचं नाव यादीत कसं असणार? एखादी सोय ठरावीक आवृत्तीनंतरच आली असेल तर ‘अमुक बिल्डपासून पुढे’ अशी खालची मर्यादा ठेवा, वरची नको. आणि तुलना आकड्यांची करा, अक्षरांची नव्हे. मजकूर म्हणून तुलना केली तर ‘१०’ हे ‘८’ च्या आधी येतं, कारण एक आठाच्या आधी येतो. ‘विंडोज ९’ने सुरुवात होते का असं पाहून ९५ आणि ९८ ओळखणारा जुना कोडही याच जातीतला.

सी किंवा सी++ मध्ये लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: ‘गेटव्हर्जनएक्स’ विंडोज ८.१ पासून तुमच्या प्रोग्रामच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकावर, अवलंबून असतं. नव्या आवृत्त्यांशी जुळतं असं मॅनिफेस्टमध्ये लिहिलं नसेल तर ते ६.२ सांगून थांबतं. खरा आकडा ‘आरटीएल-गेटव्हर्जन’ देतं.

मॅकवरही असंच एक आहे. २०२० च्या बिग सरपासून आकडा ११ झाला, पण जुन्या साधनांनी बांधलेलं पायथन तिथे १०.१६ सांगतं, जी आवृत्ती त्या नावाने कधी बाजारात आलीच नाही. आणि मॅकवर ‘प्लॅटफॉर्म.रिलीज’ हा डार्विनचा आकडा असतो: मॅकओएस १४ वर तो २३ ने सुरू होतो. मॅकचा आकडा हवा असेल तर ‘प्लॅटफॉर्म.मॅक-व्हर’ विचारा.

लिनक्स, पण कोणतं

कुटुंब लिनक्स आहे एवढं कळून काम भागलं तर तिथेच थांबा. वितरणाचं, म्हणजे उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या प्रकाराचं, नाव हवंच असेल, समजा कोणत्या पद्धतीने पॅकेज बसवायचं हे ठरवायला, तर ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘ओएस-रिलीज’ ही फाइल वाचा. ती तिथे नसेल तर ‘यूएसआर’च्या ‘लिब’मध्ये पाहा. ‘एलएसबी-रिलीज’ ही आज्ञा प्रत्येक मशीनवर बसवलेली नसते, तिच्या भरवशावर राहू नका.

या फाइलमधल्या ‘प्रेटी-नेम’वर लोक अटी लावतात. ते फक्त दाखवण्यासाठी आहे. अट लावायची ती ‘आयडी’वर, आणि तो ओळखीचा निघाला नाही तर ‘आयडी-लाइक’वर. ‘आयडी-लाइक’ हे वितरण कोणाच्या वंशातलं आहे ते सांगतं. उबुंटूवर तिथे ‘डेबियन’ सापडतं. बॉससारखं डेबियनवर आधारलेलं वितरण समोर आलं आणि त्याचं नाव तुमच्या कोडला माहीत नसलं तरी या वाटेने निभावतं. पायथन ३.१० पासून ‘फ्रीडेस्कटॉप-ओएस-रिलीज’ हे तयार फंक्शन आहे. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत ‘लिनक्स-डिस्ट्रिब्यूशन’ सापडेल, ते ३.८ मध्ये काढून टाकलं गेलं. ते पाहून लिहिलेला कोड नव्या पायथनवर लगेच एरर देतो.

खरी गुंतागुंत आहे ती विंडोजच्या पोटात लिनक्स चालतं तिथे. डब्ल्यूएसएल या विंडोजमधल्या लिनक्सच्या सोयीत पायथन ‘लिनक्स’च सांगतं, आणि ते खोटं नाही. पण कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) रिलीजच्या नावात ‘मायक्रोसॉफ्ट’ हा शब्द असतो, तोही पहिल्या आवृत्तीत मोठ्या एमने आणि दुसरीत छोट्या एमने. म्हणून हा शब्द शोधताना आधी अक्षरं छोटी करून घ्या. गिट बॅश या विंडोजवरच्या शेलमध्ये ‘यूनेम’ विचारलं तर ‘मिंगडब्ल्यू६४-एनटी-१०.०’ आणि पुढे बिल्ड असं उत्तर येतं, आणि ‘लिनक्स नाही, मॅक नाही’ म्हणून शेल स्क्रिप्ट गोंधळते. डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे यजमान मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘ओएस-रिलीज’ फाइल कंटेनरच्या इमेजची असते आणि कर्नल बाहेरच्या यजमानाचा, त्यामुळे दोन उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर घाबरू नका, ती जुळायची नसतातच.

पॉवरशेलमध्ये ‘इज-विंडोज’ हे व्हेरिएबल वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत हे व्हेरिएबल अस्तित्वातच नाही. रिकामं म्हणजे खोटं, आणि म्हणून अस्सल विंडोजवर स्क्रिप्ट म्हणते, हे विंडोज नाही. आधी पॉवरशेलचीच आवृत्ती तपासा; ती ५ किंवा त्याखालची असेल तर विंडोज आहे हे नक्की.

ब्राउझरमधल्या ओळखीबद्दल फार लिहीत नाही. यूजर एजंटमध्ये (ब्राउझर वेबसाइटला स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीत) विंडोज १० आणि ११ दोघींसाठी ‘विंडोज एनटी १०.०’ च येतं, अँड्रॉइडच्या ओळीत ‘लिनक्स’ हा शब्द असतो, आणि आयपॅडवरची सफारी १३ आवृत्तीपासून स्वतःला मॅकिंटॉश म्हणवते. डाउनलोडचं योग्य बटण वर दाखवण्यापुरता त्याचा उपयोग करा, बाकीची बटणं खाली ठेवा, म्हणजे अंदाज चुकला तरी माणूस अडत नाही.

नाव न विचारता काम

आता काटापट्टीकडे. कळमन्यात संत्र्याच्या आंबिया बहाराची आवक सुरू झाली की अडत्याकडे काट्यासमोर रांग असते. वजनकाटा सिरियल पोर्टवरून वजन देतो, प्रोग्राम ते वाचतो, पट्टी छापतो. शेतकऱ्याचा माल उतरलेला, गाडीवाला घाईत. अशा वेळी प्रोग्राम “पोर्ट सापडला नाही” म्हणून थांबला तर मागची सगळी रांग थांबते.

त्या कोडमध्ये असं असायचं: विंडोज असेल तर ‘कॉम३’ उघडा, लिनक्स असेल तर ‘डेव्ह’मधला ‘टीटीवाय-यूएसबी०’. ऑपरेटिंग सिस्टम अगदी बरोबर ओळखली गेली तरी हे मोडतं. केबल दुसऱ्या यूएसबीत खोचली की विंडोज तिला ‘कॉम५’ म्हणू शकतं, लिनक्सवर दुसरं उपकरण आधी जोडलं गेलं तर आपला काटा ‘यूएसबी१’ होतो. नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा मशीनला सरळ विचारा, तुझ्याकडे कोणते पोर्ट आहेत? पायसिरियल या पायथनच्या लायब्ररीत ‘लिस्ट-पोर्ट्स’ आहे, ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतं आणि प्रत्येक पोर्टसोबत यूएसबी उपकरणाचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांकही देतं. आपल्या केबलचे क्रमांक जुळवा, पोर्ट मिळाला. ऑपरेटिंग सिस्टमचं नाव या सगळ्यात एकदाही लागलं नाही.

असंच बाकीच्यांचं. फोल्डरचे रस्ते जोडताना उलटी तिरपी रेघ की सुलटी, हे ठरवायला सिस्टम विचारू नका; पायथनची ‘पाथलिब’ आणि जावाची ‘पाथ’ ते करतात. घरचा फोल्डर ‘पाथ.होम’ देतं. एखादी आज्ञा मशीनवर आहे का हे ‘शटिल.विच’ सांगतं. जावात पीडीएफ उघडायला ‘डेस्कटॉप’ वर्ग आहे, आधी ‘इज-डेस्कटॉप-सपोर्टेड’ विचारा आणि मग उघडा. पायथनमध्ये मात्र इथे कुटुंब विचारावंच लागतं: विंडोजवर ‘स्टार्टफाइल’, मॅकवर ‘ओपन’, लिनक्सवर ‘एक्सडीजी-ओपन’. ही गरज खरी आहे, आणि अशा गरजा एका प्रोग्राममध्ये दोनचारच निघतात. आमच्या अनुभवात तपासणीच्या निम्म्याहून जास्त जागा अशाच उडून जातात.

उरलेल्यांसाठी एकच फंक्शन, एकाच फाइलमध्ये. ते कच्चं नाव बाहेरून घेतं आणि चारपैकी एक उत्तर देतं: विंडोज, मॅक, लिनक्स, इतर. नाव बाहेरून घ्यायचं कारण चाचणी. स्वतः ‘प्लॅटफॉर्म.सिस्टम’ला विचारणाऱ्या फंक्शनची चाचणी घ्यायला तीन मशीनं लागतात; नाव हातात देता आलं तर एका मशीनवर सगळं तपासता येतं. त्याला ‘विंडोज’ द्या, ‘डार्विन’ द्या, ‘लिनक्स’ द्या, मग ‘सिगविन-एनटी-१०.०-१९०४५’ द्या, ‘मिंगडब्ल्यू६४-एनटी-१०.०’ द्या, ‘फ्रीबीएसडी’ द्या, आणि रिकामी ओळसुद्धा द्या, कारण पायथनला ओळख पटली नाही तर तो रिकामी ओळच परत करतो. ‘डार्विन’ची चाचणी तर कधीही काढू नका. नवा माणूस कामावर आला आणि त्याने सवयीने पुन्हा डब्ल्यू-आय-एन शोधणारी ओळ लिहिली तर तीच अडवेल.

‘इतर’ या चौथ्या उत्तराबद्दल माझा आग्रह आहे. पुष्कळ कोडमध्ये शेवटी ‘नाहीतर लिनक्स’ असं लिहिलेलं असतं. त्याने अनोळखी मशीनवर चुकीच्या वाटेने काम सुरू होतं आणि भलत्याच जागी, भलत्याच एररने थांबतं. त्याऐवजी कच्चं नाव दाखवून स्पष्ट सांगा: “या संगणकाने स्वतःचं नाव अमुक सांगितलं, ते ओळखता आलं नाही.” मराठीतच सांगा. दुकानदार तो संदेश फोनवर वाचून दाखवू शकतो आणि आपल्याला कारण जागेवर कळतं.

मशीनच्या प्रोसेसरवरून ठरवायची वेळ आली तर ‘प्लॅटफॉर्म.मशीन’ची उत्तरंही एकसारखी नसतात. ६४ बिट विंडोज इंटेलच्या प्रोसेसरवरही ‘एएमडी६४’ म्हणतं, लिनक्स त्यालाच ‘एक्स८६-६४’ म्हणतं. एआरएम प्रोसेसरला मॅक ‘एआरएम६४’ म्हणतं आणि लिनक्स ‘ए-आर्च-६४’. ‘एएमडी’ दिसलं म्हणून ग्राहकाला चुकीचा प्रोसेसर विकला गेला असं समजू नका. ॲपलच्या नव्या मॅकवर इंटेलसाठी बांधलेलं पायथन रोझेटातून (इंटेलचे प्रोग्राम नव्या मॅकवर चालवणारी सोय) चालत असेल तर तेही ‘एक्स८६-६४’च सांगतं.

हे सगळं बसवल्यावरही डेबियन किंवा उबुंटूच्या मशीनवर काटा वाचता आला नाही, तर दोष ओळखीचा नसून परवानगीचा असण्याची शक्यता मोठी. लॉगमध्ये पोर्ट सापडलेला दिसतो, पण उघडताना ‘परमिशन डिनाइड’ येतं. सिरियल पोर्ट तिथे ‘डायलआउट’ या गटाच्या ताब्यात असतात आणि नवा वापरकर्ता त्या गटात आपोआप येत नाही. टर्मिनलमध्ये ‘ग्रुप्स’ लिहून पाहा; यादीत ‘डायलआउट’ नसेल तर ‘यूजरमॉड’ने वापरकर्त्याला त्या गटात जोडा, आणि जोडताना ‘ए’ आणि मोठा ‘जी’ हे दोन्ही पर्याय एकत्र द्या. ‘ए’ राहिला तर तो माणूस आधीच्या जोड-गटांतून बाहेर पडतो, सुडोचा, म्हणजे व्यवस्थापक म्हणून आज्ञा चालवण्याचा, अधिकारही त्याबरोबर जाऊ शकतो. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडल्याने नवा गट लागू होत नाही, आणि दुकानदाराचा पुढचा फोन बहुतेक वेळा याच पायरीवरून येतो.